ओल आधी येते, कसर मागून

पुस्तकाला कसर लागली की घरात पहिली आठवण डांबरगोळीची होते. खणात चार गोळ्या टाकायच्या, कपाट बंद करायचं, झालं. पण कसर कपाटात शिरते तेव्हा तिच्या आधी ओल तिथे येऊन बसलेली असते. डोक्याकडे रुंद, मागे निमुळती, शेवटी तीन शेपट्या असलेली ही चंदेरी कीड हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असली की जोमाने वाढते. बुरशीला तर ६५-७० टक्के पुरतात. म्हणून विदर्भात ज्याला पुस्तकं टिकवायची आहेत, त्याने आधी ओलीच्या वाटा शोधाव्यात. किडीकडे नंतर बघता येतं.

आपली हवा दोन टोकांची. एप्रिल-मे महिन्यांत अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी हवेत ओलावा नावाला उरत नाही. मग जूनच्या मध्यानंतर पाऊस, आणि झड लागली की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. त्यातही पश्चिमेकडचा कापूस-सोयाबीनचा वऱ्हाड वेगळा आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीचा धानपट्टा वेगळा. धानपट्ट्यात पाऊस जास्त, गावोगावी तलाव, बांध्यांत साचलेलं पाणी. तिथली ओल दसऱ्यानंतरही रेंगाळते. बुलढाण्यात ऑक्टोबरमध्ये जे करता येतं, त्यासाठी गोंदियाला नोव्हेंबर उजाडू द्यावा.

पावसाळ्याची भीती सगळ्यांना असते. उन्हाळ्याची कोणाला नसते, आणि तिथेच घात होतो, कारण उन्हाळ्यात आपण घरात कूलर लावतो. कूलर हवा थंड करतो ते पाणी हवेत मिसळूनच. खिडक्या-दारं लावून घेतली तर तासाभरात खोलीतली आर्द्रता ७०-८० टक्क्यांवर जाते. मग लाइन जाते, खोली तापते, हवा पुन्हा कोरडी होते. लाइन आली की पुन्हा ओली. दिवसातून दोन-तीनदा हे चाललं की कागद फुगतो, आखडतो, पुन्हा फुगतो.

मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला का वळतं याचं कारण इथेच आहे. हल्लीच्या बहुतेक पुस्तकांच्या मुखपृष्ठावर बाहेरून प्लॅस्टिकचं लॅमिनेशन असतं, आतली बाजू उघडा कागद. ओल्या हवेत आतली बाजू पाणी ओढून पसरते, लॅमिनेशनची बाजू आहे तेवढीच राहते. मग मुखपृष्ठ उघडून वर उभं राहतं. ते हाताने उलटं वाकवून सरळ होत नाही, उलट कण्याजवळ तुटतं. हवा कोरडी झाली की वजनाखाली चार-सहा दिवस ठेवलं तर बरंच बसतं.

कूलर बंद करा असं मे महिन्यात कोणी सांगू नये. फक्त पुस्तकांचं रॅक कूलरच्या झोतात नको, आणि ज्या भिंतीच्या खिडकीत कूलर बसवला आहे त्या भिंतीलाही नको, कारण टाकीचं पाणी झिरपून ती भिंत खालून ओली असते. झोताच्या समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवावं. बाहेर जायला वाट असली की ओली हवा साचत नाही, आणि कूलरही जास्त थंड करतो. घड्याळाएवढा डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, तो रॅकवर ठेवावा. ४५ ते ६० टक्क्यांत आकडा राहिला तर पुस्तकं सुखात आहेत. ६५ च्या वर सलग दोन दिवस गेला तर हालचाल करायची.

कागद उन्हात टाकायची सवय मात्र सोडलीच पाहिजे. मे महिन्यात गहू, मिरच्या, कुरड्या वाळत घालतात तिथेच शेजारी पुस्तकंही पसरली जातात. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं, ते उन्हाने पिवळं-तपकिरी पडतं आणि कागद ठिसूळ होतो. कण्यातला डिंक कडक होऊन तडकतो, मग पानं गठ्ठ्याने निघतात. हीच गत टिनाच्या छपराखाली माळ्यावर ठेवलेल्या पेटीची. दुपारी तिथे खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पुस्तकांना सावली आणि वारा लागतो, ऊन लागत नाही.

आता वाळवी. आपल्याकडे कोणी उधई म्हणतं. पुस्तकांची सगळ्यात मोठी हानी हीच करते, आणि ती वरून दिसत नाही. मुखपृष्ठ शाबूत, कणा शाबूत, नाव स्वच्छ वाचता येतं. हात लावला की पुस्तक हलकं लागतं, उघडलं की आत मातीचा लगदा आणि कडेला चार बोटं कागद. ती जमिनीतून येते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, जोत्याला तडे जातात, आणि त्या फटींतून मातीची पेन्सिलएवढी नळी करत ती भिंतीवर चढते. लोखंडी कपाट घेतलं म्हणजे सुटलो, हा समज चुकीचा आहे. लोखंड तिला खाता येत नाही, पण लोखंडावरून नळी नेता येते. मागचा पत्रा भिंतीला टेकला असेल आणि त्याला एक भोक असेल तर तेवढं तिला पुरतं.

म्हणून रॅक भिंतीपासून किमान चार इंच पुढे, खालचा खण जमिनीपासून सहा इंच वर. मागे हात आणि टॉर्चचा उजेड जायला हवा, यासाठीच ही जागा. महिन्यातून एकदा मागची भिंत, पायांचा आतला भाग आणि चौकटीचे कोपरे टॉर्चने पाहावेत. नळी दिसली तर दोन इंच मोडून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघावं. मोडलेला भाग परत बांधला गेला असेल तर वाळवी जिवंत आहे. मग रॅक पूर्ण रिकामं करायचं, एकेक पुस्तक अंगणात नेऊन उघडून झटकायचं, आणि जमिनीचा व भिंतीचा उपचार जाणकाराकडून करून घ्यायचा. नुसती नळी पुसून काही साधत नाही, वारूळ जमिनीतच राहतं. सारवलेल्या जमिनीच्या घरात तर खालच्या खणात पुस्तकं ठेवूच नयेत. दर सारवणाला तिथून ओल वर येते.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधं असतात, धान्याच्या कोठीत टाकायच्या गोळ्या असतात. कपाशीवरचं उरलेलं औषध पुस्तकांवर मारू नका, कपाटाच्या आतही मारू नका. पुस्तक आपण नाकाजवळ धरतो, पानं उलटताना बोट जिभेला लावतो, लहान मुलं तर ते तोंडातच घालतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते उघड्या वावरात. बंद खोलीत काय होईल याचा विचार करा. धान्यातल्या गोळीतून निघणारा फॉस्फिन वायू तर झोपेत माणूस मारतो. पुस्तकांच्या पेटीत ती गोळी कधीही टाकायची नाही. डांबरगोळीही बंद खोलीत, विशेषतः तान्ह्या मुलांच्या घरात, चांगली नाही, आणि तिचा वास पुस्तकातून वर्षभर जात नाही.

कडुनिंबाचा पाला चालतो, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. पाला सावलीत कडकडीत वाळवायचा, बोटांत चुरला की भुगा झाला पाहिजे. मग सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून खणाच्या कोपऱ्यात ठेवायचा, दर दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. त्याने कीड मरत नाही, फार तर थोडी दूर राहते. हिरवा पाला पानांत घातला तर तो ओल सोडतो आणि कागदावर कायमचा तपकिरी डाग पाडतो. वेखंडाच्या तुकड्यांचंही तेच: पुरचुंडीत ठेवावं, पानांत नको.

कसरीसाठी सापळा सोपा आहे. काचेची रुंद तोंडाची बाटली घ्यायची, बाहेरून गळ्यापर्यंत कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, तळाशी चिमूटभर मैदा. रात्री रॅकजवळ ठेवली की कसर कागदावरून वर चढते, आत पडते, आणि गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. सकाळी किती पडल्या यावरून ओलीचा अंदाजही येतो. टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके किडे पानांवर पळताना दिसले तर ते बुरशीवर जगणारे असतात. त्यांना मारत बसू नका, खण वाळवा, ते आपोआप जातात. पानांतून आरपार गोल भोकं आणि खाली पिठासारखा ताजा भुगा दिसला तर मात्र भुंगेऱ्याच्या अळ्या आत आहेत. ते पुस्तक त्याच क्षणी बाकीच्यांपासून वेगळं काढायचं.

उंदरांचं कारण बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत असतं. तूर, गहू, सोयाबीनची पोती जिथे, तिथे उंदीर, आणि घरटं करायला त्यांना कागदाइतकं सोयीचं काही नाही. धान्य आणि पुस्तकं एका खोलीत ठेवू नयेत, एवढंच. खताच्या रिकाम्या चुंगड्यांत पुस्तकं भरून माळ्यावर टाकणंही घातक. शिवणीत अडकलेला युरिया हवेतलं पाणी ओढतो, आणि चुंगडीच्या आत बुरशीची चांगली सोय होते.

कवेलूच्या घरात जुन्या पत्र्याच्या पेटीसारखी दुसरी चांगली जागा नाही, जर ती तीन विटांवर ठेवली असेल आणि आत कोरडीच पुस्तकं गेली असतील. पेटी पावसाळ्यापूर्वी, मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात कोरड्या सकाळी भरावी. आत सुती कापडाचा थर, मग पुस्तकं आडवी, वर पुन्हा कापड. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर नारंगी रंगाचं जेल घ्यावं, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवलं की ते पुन्हा कामाला येतं. पावसाळ्यात उघाड पडली, ऊन आलं, की पंधरा-वीस दिवसांनी एकदा पेटी उघडून वास घ्यायचा. कुबट वास डोळ्यांच्या आधी सांगतो. झड चालू असताना मात्र उघडू नये, बाहेरची ओली हवा आत घेतल्यासारखं होतं.

कवेलू सरकून पाणी गळलं, किंवा पुराचं पाणी घरात आलं, तर हाताशी वेळ मोजकाच असतो. २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. चिंब भिजलेलं पुस्तक उघडायची घाई करू नका, ओला कागद स्वतःच्या वजनाने फाटतो. आधी बंदच ठेवून जाड सुती कापडात हलकेच दाबून पाणी काढायचं. मग कोरे शोषक कागद किंवा टिश्यू दर वीस-पंचवीस पानांत घालायचे, सगळे मिळून पुस्तकाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नकोत, नाहीतर कणा फाटतो. वर्तमानपत्राची शाई ओल्या पानाला लागते, ते टाळलेलं बरं. दर दोन-तीन तासांनी कागद बदलायचे. पाणी निथळलं की पुस्तक उभं करून, पानं थोडी मोकळी करून, छताचा पंखा मंद लावायचा. पान गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे. पूर्ण वाळायच्या थोडं आधी दोन फळ्यांत दाबून ठेवलं तर पानांच्या लाटा कमी होतात.

चकचकीत आर्ट पेपरची पुस्तकं वेगळी. त्यांच्या पानांवरचा लेप ओला झाला की चिकट होतो आणि वाळताना दगड बनतो. त्यांत ओलं असतानाच प्रत्येक पानामध्ये कागद घालावा लागतो. तेवढे हात नसतील, किंवा पुस्तकं पन्नास असतील, तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये टाकावीत. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी धरत नाही, आणि मग दोन-दोन काढून सवडीने वाळवता येतात.

बुरशी आलेलीच असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात चोळली जाते. आधी पुस्तक पूर्ण वाळू द्या, म्हणजे चिकट बुरशीची कोरडी भुकटी होते. मग नाका-तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झटकायची. दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

वर्षातलं मोठं काम दसरा-दिवाळीच्या मधलं. पाऊस गेलेला, ऑक्टोबरची कोरडी हवा, घरात साफसफाई चालूच असते. सगळी पुस्तकं काढायची, बंद धरून वरची कड खाली झुकवून धूळ झटकायची. उघडून झटकलं तर धूळ पानांत जाते. मग सावलीत उभी ठेवून दिवसभर वारा द्यायचा. भिंतीला चुना किंवा रंग दिला असेल तर ती पूर्ण सुकेपर्यंत, निदान आठवडाभर, पुस्तकं परत लावू नयेत. ताजा रंग कितीतरी पाणी सोडतो. दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते तेव्हा वर कोरा कागद किंवा रुमाल घालून त्यावर हळद-कुंकू वाहावं. कुंकवाचा डाग पुसायला गेलं की पसरतो, आणि तेलाचा डाग पानामागून पानात उतरतो.

जुन्या पोथ्या लिहिणारे शेवटी लिहून ठेवत: तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरसारख्या ठिकाणी महानुभाव पंथीयांनी पोथ्या शतकानुशतकं सांभाळल्या. पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात करकचून बांधायची जुनी रीत आहे, त्यामागे हाच विचार. घट्ट बांधलेल्या कागदाला फुगायला जागा नसते, आणि धूळ-कीड आत शिरत नाही. आजच्या पुस्तकाला बासन नको, पण आधार हवा. उभं पुस्तक सरळ उभं राहावं. तिरपं पडलं की कणा पिळतो. खण इतका गच्चही नको की बोट जाणार नाही. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढलं तर ते टोक फाटतंच. दोन्ही बाजूंची पुस्तकं थोडी मागे ढकलून मधलं पकडायचं. एक मीटर फळीवर वीस ते तीस किलो वजन येतं, म्हणून प्लायची फळी दोन-अडीच फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये टेकू द्यावा.

ज्याला पुस्तकाची बांधणी वाचता येते त्याचं निम्मं काम सोपं होतं. वरच्या कडेने कण्याकडे बघा. कागद घड्या घालून केलेल्या जुड्या, म्हणजे फर्मे, वेगवेगळे दिसले आणि मध्ये दोरा दिसला, तर पुस्तक शिवलेलं आहे. ते पन्नास वर्षं उघडता येईल. सगळी पानं सुटी कापून नुसती डिंकात बसवलेली असतील, तर कण्याजवळ कधीतरी तडा जाणार. असं नवीन पुस्तक एकदम मधून उघडू नये. कणा टेबलावर टेकवून आधी दोन्ही मुखपृष्ठं खाली करावीत, मग पुढची दहा-पंधरा पानं, मागची दहा-पंधरा, पुन्हा पुढची, असं मधापर्यंत यावं. पाच मिनिटं लागतात, आणि डिंक सगळीकडे सारखा वाकतो. पानाचे धागे कण्याला समांतर असतील तर पान मऊ उलटतं. आडवे असतील तर पान ताठ राहतं आणि ओलीने कण्याजवळ लाटा येतात. प्रकाशक हे सांगत नाही, बोटांना कळतं.

बाइंडरकडे पुस्तक देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: कडा कापू नका, मूळ मुखपृष्ठ आत बांधा, आणि बाजूने टोचून शिवू नका. गावच्या ग्रंथालयांत पुस्तकं उघडतच नाहीत अशी तक्रार असते, ती या बाजूच्या शिवणीमुळे. आतला समास शिवणीत जातो, वाचक जोर लावून उघडतो, आणि पान शिवणीजवळ फाटतं. फर्मे शाबूत असतील तर घडीतून शिवायला सांगावं, थोडे पैसे जास्त पडतात. काही बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. ते विष आहे आणि कागदालाही वाईट, घालू नका म्हणावं.

घरच्या दुरुस्तीला सेलोटेप वर्ज्य. आपल्या उन्हाळ्यात तिचा डिंक दोन वर्षांत पाझरतो, पट्टी सुटून पडते आणि पिवळा चिकट डाग कायम राहतो. मैद्याची खळ करावी: एक चमचा मैदा, पाच चमचे पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर सतत ढवळत पाच-सात मिनिटं, पारदर्शक दिसेपर्यंत. गार झाली की वापरायची, उरलेली फेकायची, कारण शिळी खळ आंबते आणि तिला बुरशी धरते. फाटलेल्या पानाच्या कडा जुळवून वर पातळ टिश्यूची अर्ध्या इंचाची पट्टी खळीने लावायची, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून रात्रभर दाबायची. सुटलेलं एखादं पान बसवायचं तर आतल्या कडेला फक्त तीन मिलिमीटर रुंद खळ. जास्त लावली तर शेजारचं पान ओढून घेते. दिवाळी अंकांच्या पिना गंजतात, त्या पाच-सहा वर्षांच्या आत उचकटून काढाव्यात आणि त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवावा.

खुणेसाठी कागदाची साधी पट्टी बरी. पिंपळाचं पान, मोरपीस, झेंडू काही नको, आणि पानाचा कान तर कधीच दुमडू नका. टिपणं मऊ पेन्सिलीने समासात करावीत, बॉलपेनची शाई मागच्या पानावर उतरते. मुखपृष्ठाला चिकटणारं प्लॅस्टिक लावू नये, उन्हाळ्यात ते शाईसकट निघतं. साधा पांढरा कागद घालावा आणि तीन-चार वर्षांनी बदलावा.

नागपूर-अमरावतीच्या जुन्या बाजारातून आणलेलं पुस्तक थेट रॅकवर लावायचं नाही. पारदर्शक पिशवीत बांधून तीन-चार आठवडे वेगळं ठेवायचं, मधून मधून पिशवीच्या तळाशी भुगा पडतोय का ते बघायचं. भुगा दिसला तर हवा काढून पिशवी घट्ट बंद करायची आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर पाणी साचतं. जिथे लाइन रोज सहा-सहा तास जाते आणि बर्फ वितळतो, तिथे हा उपाय भरवशाचा नाही. मग तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे इन्व्हर्टरवर चालणारा डीप फ्रीजर आहे अशा ओळखीच्या दुकानदाराला विचारावं, पिशवी दोनपदरी करून द्यावी, आणि वर तारीख लिहावी.